हलक्या गोळीचा कडता

त्र्याण्णव साली मी अडतीस वर्षांचा होतो, आणि कासीमभाईनं माझे दोन दात पाडले. आमची ओळख झाली ती अशी.

भूकंपाला आठवडा झाला होता. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, काम बंद होतं, म्हणून आमची हमालांची टोळी मदतीच्या मालावर लागली होती. कुठून कुठून ट्रक येत होते. पीठ, कांबळी, भांडी, औषधं. एका गोदामात औषधांची खोकी पार पत्र्याला टेकलेली. तिथं एक पांढऱ्या कपड्यातला माणूस हातात कागद घेऊन आला आणि म्हणाला, "ही चाळीस खोकी टेम्पोत भरा, किल्लारीकडं जायचीत." मी टोळीचा मुकादम. कागद वाचायचा माझा काही संबंध नव्हता, मी तिसरी शिकलेला. भरायला लागलो. विसावं खोकं खांद्यावर असताना मागून कुणीतरी मानगूट धरून मला फिरवलं आणि तोंडावर ठोसा दिला. खोकं एकीकडं, मी एकीकडं. तोंडात बोटं घातली तर दोन दात हातात आले.

समोर बुटका, कपाटासारखा रुंद माणूस. दोन्ही कान पैलवानाचे, चुरगळलेले. म्हणाला, "मुर्द्याच्या तोंडचं औषध विकून खाता का रे?"

मी उठलो आणि त्याच्या पोटात डोकं घातलं. मार खाऊन गप बसणारा माणूस मी तेव्हा नव्हतो. आम्ही दोघं खोक्यांवरून लोळलो. टोळीनं ओढून बाजूला केलं. मग उलगडा झाला, की टेम्पो किल्लारीला नाही, बाजारात चालला होता. कासीमभाईनं मला विचारलं, "तुला माहीत न्हवतं?"

"न्हवतं."

"मग तोंड उघड."

त्यानं जवळचं खोकं फोडून कापूस काढला, कसल्याशा औषधात बुडवला आणि माझ्या हिरडीत असा दाबला की ठोशापेक्षा जास्त दुखलं. "दाबून धर. बोलू नको," म्हणाला, आणि पांढऱ्या कपड्यांकडं गेला. त्या माणसाला त्यानं जे मारलं ते मी पाहिलेलं आहे. तो हात जोडत होता, तर कासीमभाईनं जोडलेल्या हातांतला एक धरला आणि गुडघ्यावर आडवा घेतला. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. मग तो शांतपणे खोकी परत मोजायला लागला.

हा कासीमभाई मूळचा धर्माबादचा. मिरचीच्या गावचा, असं तोच सांगायचा. वाढला नांदेडला, तिथल्या तालमीत. औषधाचं शिक्षण दोनदा नापास होऊन पास झालेला, आणि नांदेडच्या एका ठोक औषधवाल्याकडं कामाला. त्या मालकानं मदतीचा ट्रक पाठवला त्यावर बसून आला होता. दोन दिवसांसाठी आला आणि सतरा वर्षं राहिला. आता तो नाही. पण त्याच्याबद्दल मोंढ्यात अजून जे उलटसुलट बोलतात, त्यातलं खरं काय ते मला माहीत आहे.

त्याच महिन्यात आम्ही एका छावणीवर माल उतरवत होतो. तिथं एक डॉक्टर अमुक कंपनीची सुई पाहिजे म्हणून ओरडत होता. एका म्हातारीचा पाय भिंतीखाली सापडून सडायला लागला होता. कासीमभाई खोक्यांत शिरला आणि दुसऱ्याच कंपनीची कुपी घेऊन आला. डॉक्टर म्हणाला, ही नको, ती आण. कासीमभाई म्हणाला, हीच ती. डॉक्टर म्हणाला, मला शिकवू नको. झालं. त्यानं डॉक्टरची मान बगलेत धरली, खोक्यापर्यंत ओढत नेला आणि त्याचं नाक कुपीवरच्या बारीक अक्षरांवर टेकवलं.

"वाच," म्हणाला. "मोठं अक्षर नको वाचू. बारीक वाच."

डॉक्टरनं वाचलं आणि सुई दिली. म्हातारी जगली का, ते कळलं नाही. आम्ही पुढच्या ट्रकवर गेलो.

तेच त्याचं जन्मभराचं वाक्य झालं. मोठं अक्षर खोटं बोलतं, बारीक अक्षर खरं बोलतं. औषधाच्या पत्त्यावर, म्हणजे गोळ्यांच्या पाकिटावर, मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव असतं, आणि खाली मुंगीच्या पायासारख्या अक्षरांत खरं औषध असतं. ते त्यानं आम्हा हमालांना इंग्रजी न शिकवता शिकवलं. पोत्यावरचा मार्का आम्ही ओळखतोच, अक्षर येवो न येवो. तो दोन पत्ते शेजारी ठेवायचा. "मार्का जुळव," म्हणायचा. बोटानं एकेक अक्षर जुळवायचं. जुळला की माल एक. जुळवताना बोट घसरलं, की त्याच बोटावर पट्टी बसायची.

पुढं मोंढा आणि क्लासची गल्ली यांच्या मधे त्यानं दुकान टाकलं. तेव्हा लातूरला क्लासचा जोर सुरू झाला होता. घरटी एक खोली भाड्यानं दिलेली, जिकडंतिकडं मेस, झेरॉक्स आणि पहिल्या आलेल्या पोरांचे फलक. कासीमभाईच्या दुकानाला धड फलकही नव्हता. दुकानात खुर्ची नव्हती. तो सकाळपासून दिवे लागेपर्यंत उभा राहायचा आणि गिऱ्हाइकालाही उभं ठेवायचा. दुपारी भाकरीबरोबर कच्ची मिरची चावायचा, डोळ्यांत टिपूस न आणता. दर गुरुवारी नांदेडला जाऊन पोतंभर औषध घेऊन यायचा. शुक्रवारी नमाजाला दुकान बंद. परत येताना कधीकधी कुणाशी तरी भांडूनच यायचा.

काळ्या पेनानं तो पत्त्यावरची छापील किंमत खोडायचा आणि स्वतःची किंमत घालायचा. छापलेलं शंभराच्या वर, ह्याचं पंचवीस-तीस. लोकांना वाटायचं, माल चोरीचा असणार. एकानं तसं बोलून दाखवलं. कासीमभाईनं त्याच्यापुढं ठोक खरेदीची पावती आपटली आणि दुसऱ्या हातानं त्याचं डोकं पावतीवर दाबलं. "बघ, मला केवढ्याला पडलं. बघ, छापलंय केवढं. मधलं कोण खातं, तू का मी?" माणूस म्हणाला, "सोडा, बघितलं." कासीमभाई म्हणाला, "मोठ्यानं वाच." त्यानं मोठ्यानं वाचलं, मग सुटला.

बाकीच्या दुकानदारांना हे कसं सोसावं? चौघं एकदा समजवायला आले. सगळ्यांनी छापील किमतीला विकायचं, तुम्हीच धंदा का नासवता, असं म्हणत होते. त्यांच्यातल्या एकानं बोलता बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात ठेवायला नको होता. चौघांतले तिघं पळाले. चौथ्याला मीच रिक्षात घातला.

गावाकडनं पोरांना ठेवायला आलेले बाप त्याच्या दुकानात यायचे. चाकूरकडचा एक एसटी ड्रायव्हर होता, पोरगी क्लासला. दर महिन्याला रक्तदाबाच्या, डॉक्टरनं लिहिलेल्या कंपनीच्याच गोळ्या न्यायचा तो दोन-दोन महिन्यांनी यायला लागला. कासीमभाईनं पत्ता हातात धरून ठेवला, दिला नाही.

"एका दिवसाआड एक खातो?"

ड्रायव्हर हातातल्या नोटा मोजायला लागला.

"बोल की."

"फी भरायची हाय यंदा," ड्रायव्हर म्हणाला. "दोन वर्षं निभावून नेतो. मग खातो रोज."

कासीमभाई काउंटरची फळी उचलून बाहेर आला आणि त्याच्या कानाखाली वाजवली. एसटीचा ड्रायव्हर, खाकी कपड्यातला, रस्त्यावर सगळ्यांसमोर. "पन्नास माणसं मागं बसवून गाडी चालवतोस ना? स्टेरिंगवर मेलास तर? अन् तुझी पोरगी डॉक्टर होऊन पहिलं पोस्टमार्टम तुझंच करंल. तिला कशाला शिकवून राहिलास मग?" मग त्यानं आहे त्याच औषधाचा, मार्का जुळणारा, चौथाई किमतीचा पत्ता त्याच्या खिशात कोंबला. ड्रायव्हर रडत होता. मार खाल्ल्यामुळं की कशामुळं, मला सांगता येणार नाही. पुढं तो रोजची गोळी रोज खायला लागला, हे मात्र खरं.

कासीमभाईचं औषध खरं होतं, हिशोब खरा होता. हात वाईट होता. त्याला काही विचारायला गेलं की आधी शिवी यायची, मग उत्तर. शिवी गिळायची तयारी असेल त्यानंच विचारायचं. पुढं जे झालं ते त्यातनंच झालं.

माझं वय पंचावन्नच्या आसपास असताना मला छातीत कळ आली. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. डॉक्टरनं रक्तातल्या चरबीची गोळी लिहून दिली, रोज रात्री एक, जन्मभर. मी त्याला म्हणालो, "सायेब, मी पोती उचलणारा माणूस, माझ्या अंगावर चरबी दाखवा." तो हसला. पोटावरची वेगळी आणि रक्तातली वेगळी, म्हणाला. माझ्या पोरानं मोठ्या दुकानातनं महागाचा पत्ता आणून दिला. दोन महिने खाल्ल्या. मग कासीमभाईनं तो पत्ता पाहिला आणि माझ्यापुढं दुसरा टाकला.

"ही खा."

मी किंमत पाहिली. मागं टोळी उभी होती. माझं डोकं फिरलं. "मी काय भिकारी हाय? माझं पोरगं कमावतंय. धर्मादाय औषध तुझ्या त्या ड्रायव्हरला दे." असं म्हणून पत्ता त्याच्या तोंडावर फेकला.

त्यानं फळीवरून हात घालून माझी गचांडी धरली. मी त्याची धरली. मी पंचावन्नचा, तो साठीचा, दोघंही धापा टाकत होतो. तसंच धरून तो बोलायला लागला, आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं त्यानं तेव्हाच सांगितलं.

"तूर एकच हाय, माणिक. एकानं साध्या गोणीत भरली, दुसऱ्यानं रंगीत पिशवीत. आत दाणा एकच. तू रंगीत पिशवीचे पैसे देऊन राहिलास. पिशवीचे, जाहिरातीचे, दिवाळीला डॉक्टरच्या घरी मिठाई नेणाऱ्याचे. मोंढ्यात तुझं आयुष्य गेलं. तू बारदानाला भाव देतोस का दाण्याला?"

"दाण्याला," मी म्हणालो.

"मग सोड माझी गचांडी."

माझ्या मनात एक प्रश्न आला होता. दाणा एकच, कबूल. पण एकाच दाण्यात हलका-भारी असतो, ते? इतक्या स्वस्तात देतो म्हणजे माल हलका असणार की. पण नाही विचारला. पुन्हा एकदा टोळीसमोर अडाणी ठरायची माझी तयारी नव्हती. पत्ता घेऊन आलो.

मोंढ्याबाहेरच्या माणसाला एक सांगायला पाहिजे. माल ओला असला, काडीकचरा असला, दाणा बारीक असला, की व्यापारी क्विंटलमागं किलो-दोन किलो जास्तीचा माल घेतो. त्याला कडता म्हणतात. हलक्या मालाला भाव कमी आणि वरून कडता. मी मिसरूड फुटायच्या आधीपासून हे पाहत आलेलो. त्यामुळं मला शंका अशी उरलीच नाही. गोळी हलकी, तर कडता धरून खायची. मी एकाच्या दोन खाल्ल्या. मला काही झालं नाही. माझी गोळी कमी ताकदीची होती, हे मला नंतर कळलं.

आमच्या टोळीत चौदा जण. माझ्याखेरीज त्यातले सहा जण तोवर ह्या गोळीवर आले होते. कासीमभाई पत्त्यावर पेनानं एक उभी रेघ मारायचा. एक रेघ, एक गोळी. पण एवढी स्वस्त गोळी एकच कशी पुरंल, हा प्रश्न त्यांच्याही पोटात होता. कासीमभाईला विचारायची कुणाची छाती नव्हती. म्हणून ते मुकादमाला विचारायला आले.

"रेघ बरोबर हाय," मी सांगितलं. "पण ती भारी मालाची. ह्याला कडता लागतो. दोन खा."

ते मी असं सांगितलं, जसं काही मीच ते औषध दळलं होतं.

दगडू माझा जोडीदार. पोत्याची एक बाजू मी, एक बाजू तो, असं तीस वर्षं. त्याला मोठा झटका येऊन गेला होता आणि त्याची गोळी भारी ताकदीची होती, माझ्या चौपट. त्यानं दोन खाल्ल्या. महिन्यानं त्याला वाटलं, काही फरक नाही. मला म्हणाला, "मुकादम, माल लईच हलका दिसतो." मी म्हणालो, "मग वाढव की." त्यानं चार केल्या.

वैशाखाचं ऊन, तुरीचा शेवटचा माल. दगडूच्या मांड्या दुखत होत्या, त्यानं कुणाला सांगितलं नाही. मांड्या दुखतात म्हणणारा हमाल कसला? लघवी काळ्या चहासारखी होत होती, तेही सांगितलं नाही. एका सकाळी ट्रकला लावलेल्या फळीवर तो पोतं घेऊन चढला, आणि मधेच त्याचे पाय गेले. पाय घसरला नाही, पाय गेले. तो खाली आणि वर क्विंटलचं पोतं. आम्ही पोतं उचललं तेव्हा तो शुद्धीत होता. "पाय माझे न्हाईत," एवढंच म्हणत होता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगाचं मांस झिजून रक्तात आलंय, मूत्रपिंडं तुंबलीत. मशीनवर घेतलं. कोणतं औषध खातो, विचारलं. दगडूच्या बायकोनं पत्ते आणून दाखवले. तिथल्या पोरसवद्या डॉक्टरनं गोळ्या किती खायचा हे विचारायच्या आत दगडूच्या धाकट्या भावानं, नामदेवानं, ते पत्ते उचलले आणि मोंढ्यात आणले. नामदेव आमच्याच टोळीतला. "कासीमच्या स्वस्त गोळीनं माझा भाऊ मारला," तो म्हणाला. त्या चार दुकानदारांपैकी एकजण तिथं आधीच उभा होता, मान हलवत. मी सांगत होतो ना, म्हणत होता.

मला तिथंच बोलता आलं असतं. सगळी टोळी माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "चला."

दुपारच्या एकच्या सुमाराला आम्ही चाळीस-पन्नास जण गेलो. काहींच्या हातात पोती ओढायचे हूक होते. दुकानाच्या काचेवर पहिला दगड मी टाकला. का टाकला, ते मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या आतलं काही बाहेर यायच्या आधी बाहेरच काहीतरी फुटायला पाहिजे होतं.

कासीमभाई भाकरी टाकून बाहेर आला. पहिले दोघं त्यानं अंगावर आले तसे उचलून आपटले. साठीतही त्याच्यात तेवढी ताकद होती. मागं कपाटं आडवी होत होती, बाटल्या फुटत होत्या, पत्ते रस्त्यावर उडत होते आणि लोक ते पायानं तुडवत होते. त्यात तो एकच गोष्ट ओरडत होता, "किती खाल्ल्या? दगडूनं किती खाल्ल्या, कुणी सांगा." त्यानं प्रत्येकाच्या तोंडाकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिथंच थांबला. त्याला समजलं. त्यानं हात खाली केले.

मी त्याच्या उजव्या हातावर लाकडी दांडका मारला. तो हात खाली होता, वर येत नव्हता, तरी मारला. कोपराखाली हाड मोडलं. मग बाकीच्यांनी लाथा घातल्या. तो पडल्या पडल्याही काही बोलला नाही. माझं नाव त्याच्या तोंडून आलं असतं, तर त्या लोकांनी मला तिथंच चिरडलं असतं. पोलिसांपुढंही त्यानं सांगितलं, गर्दी होती, कुणी ओळखीचं न्हवतं.

दगडू मेला नाही. तीन आठवड्यांनी घरी आला, पण पोतं पुन्हा कधी त्यानं उचललं नाही. त्याच आठवड्यात कळलं, की कासीमभाई दुकानाची जागा सोडून नांदेडला बहिणीकडं चालला. मी दुपारी बसस्टँडवर गेलो. तो खांबाला टेकून उभा होता, हात प्लास्टरात, पायाशी एक ट्रंक. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यानं मला पाहिलं.

"नांदेड लागली का बघ."

"लागली."

"मग ट्रंक घे."

मी घेतली. गाडीत सीटखाली ठेवली. गाडी भरायला वेळ होता. तो खिडकीत बसला, मी खाली उभा.

"चार खाल्ल्या त्यानं," कासीमभाई म्हणाला. "मी दवाखान्यात जाऊन आलो. त्यानंच सांगितलं. मुकादमानं दोन सांगितल्या, मी चार केल्या म्हणाला. घरात अजून बोलला न्हाई तो."

"मग पोलिसांना का न्हाई सांगितलंस?"

"सांगून तू आत गेला असतास. माझा हात जुळला असता का?" मग म्हणाला, "बाकीचे पाच काय करून राहिलेत, माहीत हाय?"

"न्हाई."

"भिऊन गोळ्या बंद केल्यात. पाचही जणांनी. तू?"

"मी पण."

त्यानं डोळे मिटले आणि शिवी दिली. मला होती की स्वतःला, कळलं नाही. "मी मारायचो लोकांला. म्हणून त्यांनी मला विचारलं न्हाई, तुला विचारलं. दाण्याची गोष्ट पण मीच सांगितली तुला, हमाल बघून हमालाची गोष्ट सांगितली. अर्धी सांगितली. त्या गोळीत कडता न्हाई, माणिक. वीस लिहिलं तर वीसच असतं, महागात पण, स्वस्तात पण. तेवढं सांगायचं राहिलं, आपण गचांडी धरण्यात होतो."

मी खिडकीचा गज धरला.

"माझं आता कुणी ऐकणार न्हाई. तुझं ऐकतेत. त्यांना सांग. डॉक्टरनं लिहिली तेवढीच खायची. जास्त न्हाई, बंद पण न्हाई. कुठल्या पण दुकानात जा, कंपनीचं नाव घेऊ नका, बारीक अक्षरातलं नाव घ्या. मांड्या दुखल्या, लघवी काळी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडं."

"सांगतो," मी म्हणालो. "पण दगडूला दोन कुणी सांगितल्या होत्या, म्हणून नामदेव विचारंल."

त्यानं डावा हात खिडकीतनं बाहेर काढून माझी कॉलर धरली आणि मला पत्र्यापर्यंत ओढलं. त्याचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं. मला वाटलं आता हाणतो, आणि मी मान तशीच ठेवली. त्यानं कॉलर सोडली.

"ते तू बघ," म्हणाला.

कंडक्टर आला. कासीमभाईनं डाव्या हातानं खिसा चाचपून नोट काढली, तिकीट घेतलं, आणि ते ठेवायला जागा मिळेना म्हणून उजव्या हाताच्या प्लास्टरात खोचलं. गाडी सुटली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. नंतर तो मला कधीच भेटला नाही. दोन वर्षांनी नांदेडहून फक्त तो गेल्याचा निरोप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सौदा सुरू व्हायच्या आधी, मी टोळीला आडत्याच्या दुकानापुढच्या ओट्यावर बसवलं. नामदेव पुढंच होता. मी उभं राहून सांगितलं, "दगडूला दोन गोळ्या मी सांगितल्या. वाढव म्हणून पण मीच सांगितलं. कासीमनं एकच सांगितली होती. गोळी खोटी न्हवती." एका दमात सांगितलं.

नामदेव उठला. त्यानं मला ओट्यावरून खाली ओढलं. मग बाकीचेही उठले. मी हात वर केला नाही. किती वेळ मारलं ते सांगता येत नाही. आडत्या ओरडत बाहेर आला तेव्हा ते थांबले. माझ्या नाकातून रक्त येत होतं आणि एक डोळा उघडत नव्हता. मी बसूनच त्या पाच जणांना म्हणालो, आता घरी जा आणि आपापले पत्ते घेऊन या, किती खायची ते सांगायचं हाय.

मग एकजण निघाला. त्याच्यामागं बाकीचे चौघंही गेले. त्या दिवशी मोंढ्यात सौदा तासभर उशिरा सुरू झाला.